हजेरीच्या दिवशी भट्टी गरम

१

दिवसातून दोनदा जागं व्हायचं आणि दोन्ही वेळा धांदल उडवून द्यायची, ही त्या गल्लीची रीतच होती. सूर्य कलला, भिंतींवरचं ऊन पिवळं होऊन पायऱ्या उतरू लागलं, की घराघरांतून जांभया ऐकू यायच्या. खिडक्यांचे जाड पडदे सरकायचे. मग दीड-दोन तास गल्ली नुसती गजबजून जायची. कुणी कपडे वाळत घालतंय, कुणी खुर्चीचा मोडका पाय ठोकतंय, कुणी शेजारणीशी अर्धवट राहिलेलं भांडण पुढे चालू करतंय. काळोख पडला की सगळे गपगार. पहाटे फटफटायला लागलं की पुन्हा तीच धांदल, तेच भांडण, आणि ऊन वर आलं की पुन्हा गपगार.

त्याला कारण होतं. या लोकांना पापण्या दोन. बाहेरची आपल्यासारखी, हवी तेव्हा मिटावी आणि हवी तेव्हा उघडावी. आतली मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नसे. प्रकाश वाढला की ती दुधावरच्या सायीसारखी डोळ्यांवर चढायची आणि माणूस असेल तिथे झोपी जायचा. रात्री ती पापणी पडत नसे, पण काळोखात या लोकांना स्वतःचा हातही दिसत नसे, तेव्हा झोपण्यावाचून करणार काय? दुपार नावाचं काहीतरी असतं एवढंच ते ऐकून होते. पाहिलेली कुणीच नव्हती.

या गल्लीत एक पाववाली राहायची. संध्याजागेला पीठ मळून ठेवायचं, रात्रभर ते फुगू द्यायचं, पहाटजागेला भट्टी पेटवून चाळीस पाव भाजायचे, हा तिचा नेम. नवरा घड्याळजी. गल्लीतली सगळी घड्याळं त्याच्या हाताखालून गेलेली, आणि त्यातली निम्मी अजून त्याच्याच फळीवर पडलेली. सासूबाईंचं काम देखरेखीचं. त्या दारातल्या खुर्चीवर बसून दोघांच्याही कामावर देखरेख करत आणि आपले गुडघे चोळत.

आठवड्याचीही घडी बसलेली होती. एक दिवस पाणी भरायचा, एक धुण्याचा, एक सरपणाचा, एक भांडणं मिटवायचा (तो कुणी पाळत नसे), आणि असं करत करत सातवा दिवस हजेरीचा. त्या पहाटे भट्टी पेटत नसे. सहाव्या दिवशीची धग चोवीस तासांत विझून जायची आणि पाववाली हातात झाडू घेऊन सरळ भट्टीत शिरायची. आत रांगत जाऊन कोपऱ्याकोपऱ्यातली राख ओढायची. मग संध्याजागेला सगळी गल्ली चौकात उभी राहायची. पुकारकाका एकेकाला हाक मारायचे आणि ज्याने त्याने खणखणीत आवाजात सांगायचं, ‘आहे!’ बस्स, एवढीच हजेरी. पण ती चुकवायची कुणाची छाती नव्हती.

पाववालीच्या जिवाला घोर होता तो या हजेरीचाच. तिची एकुलती एक लेक गुंडी. सदान्‌कदा आईच्या पदराला लागलेली, म्हणून गुंडी. पोरगी गोड, हसरी, कामालाही चलाख, पण जन्मल्यापासून तिने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. आणि सात वर्षं पुरी होईपर्यंत ज्या मुलाने हाकेला ओ दिली नाही, त्याला गल्लीच्या टोकाच्या शेवटच्या घरात पाठवायचं, असा दंडक होता. जो ओ देत नाही तो झोपेत हरवला तर शोधायचा कसा, असं जुन्या लोकांचं म्हणणं. तिथे मुलांचे हाल होत नसत. पण आयांना भेट आठवड्यातून एकदा, तीही उभ्याउभ्या.

गुंडीच्या तीन हजेऱ्या उरल्या होत्या.

२

त्या तिनांतल्या पहिल्या हजेरीच्या संध्याकाळी पाववाली उठली आणि नेहमीसारखी भट्टीवर कोपर टेकून आळस द्यायला गेली. टेकलेलं कोपर तिने झटकन मागे घेतलं.

भट्टी गरम होती.

“अहो,” तिने हाक मारली. “इकडे या जरा. हात लावून बघा.”

घड्याळजी डोळ्याला भिंग लावलेल्या अवस्थेतच आला. त्याने हात लावला, मान हलवली. “गरम आहे.”

“ते मलाही कळतंय. कशी?”

“भट्टी आहे. भट्ट्या गरम असतात.”

“आज हजेरी. पहाटे मी आत शिरून झाडलीय ती. गार दगड होता नुसता!”

“बाहेर ऊन तापलं असेल,” घड्याळजी म्हणाला. न पाहिलेल्या उन्हावर काहीही ढकलता येतं, ही त्याची जुनी सोय होती. “आणि माझं ऐक, मघाशी मी भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला गेलो, तर स्प्रिंग गच्च! पहाटे दिलेली चावी आत्तापर्यंत अर्धी उतरायला हवी. मी काही बोललो? म्हटलं चांगलंय, अर्धं काम झालं.”

“आणि माझे गुडघे,” सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. “तीन आठवडे झाले, हजेरीच्या दिवशी असे ठणकतात! दिवसभर काय नाचत होते का मी?”

पाववालीला हसू आलं. तेवढ्यापुरती भट्टी मागे पडली. ती गुंडीला उठवायला गेली. घरातली सगळी अंथरुणं उठल्यावर उबदार असत, त्याच अपेक्षेने तिने गुंडीच्या पांघरुणात हात घातला. अंथरूण गार होतं. पोर त्यात डोळे मिटून पडली होती, गाल लालबुंद, श्वास भरभर चाललेला, आणि अंथरूण मात्र नुकतंच अंगाखाली घेतल्यासारखं गार.

चौकात पुकारकाकांनी हाक मारली, “गुंडी!” सगळे थांबले. गुंडीने पुकारकाकांकडे बघून गोड हसून दाखवलं. काकांनी चष्मा वर सरकवला, खाली सरकवला, आणि पुढचं नाव घेतलं.

दोन उरल्या.

३

आठवडाभर पाववालीने स्वतःची समजूत घालून पाहिली. आपण कामाची बाई, डोक्याला ताप, एखादी गोष्ट विसरायला होते. तरी एकेक खुसपट निघतच राहिलं. एका संध्याजागेला खुंटीवरचा तिचा एप्रन सापडला, त्याच्या नाडीची गाठ डाव्या बाजूला. ती आयुष्यभर उजवीकडे बांधत आलेली. दुसऱ्या दिवशी गुंडीची वेणी पाच पेडांची. पाववालीला तीन पेडांपुढे वेणी येत नव्हती, सासूबाईंना तीही नाही.

“कुणी घातली गं ही?” तिने विचारलं.

गुंडीने आईच्याच छातीवर बोट ठेवलं.

“मी? मी कधी घातली?”

गुंडीने खांदे उडवले आणि फ्रॉकच्या खिशातून पावाचा एक तुकडा काढून तोंडात टाकला. ताजा होता. पाववालीने तुकडा हिसकावून वास घेतला. खमीर तिचंच, भाजणी तिचीच, पण वर कसलंतरी बी पेरलेलं. ती कधी बी पेरत नसे. आणि खोटं कशाला बोला, पाव तिच्यापेक्षा चांगला झाला होता. भीतीइतकाच याचाही तिला राग आला.

“कुणीतरी घरात येतं,” त्या रात्री अंथरुणावर ती म्हणाली. “आपण झोपलो की.”

“येऊन भट्टी पेटवतं, घड्याळाला चावी देतं आणि पोरीची वेणी घालतं,” घड्याळजी म्हणाला. “असला चोर मिळाला तर माझ्या दुकानावर ठेवून घे त्याला.”

“थट्टा नको. पोरीला तो उठवतो. तिचं अंथरूण गार असतं. तिचं जे काही बोलणं असेल ते हा दिवसाच काढून घेत असला तर? आपल्यापर्यंत काही उरत नसेल तर?”

घड्याळजी यावर हसला नाही. काळोखात त्याने चाचपडत तिचा हात शोधून धरला. थोड्या वेळाने घोरू लागला, पण हात सोडला नाही.

पुढच्या हजेरीच्या पहाटे पाववालीने एक युक्ती केली. भट्टी झाडून झाल्यावर, सगळे झोपायला गेल्यावर, तिने चाळणी घेतली आणि दारापासून भट्टीपर्यंत जमिनीवर मैद्याचा पातळ थर चाळला. उलटी उलटी चालत स्वतः अंथरुणापर्यंत आली. पाय झाडून आडवी झाली, तोवर पापणी चढलीच.

संध्याकाळी ती उठली तर पिठात पावलंच पावलं. एक जोड मोठ्या पायांची, एक घसटत गेलेली म्हाताऱ्या पायांची, एक इवल्या पायांची, सगळीकडे उड्या मारलेली. आणि चौथी जोड भट्टीसमोर पुष्कळ वेळ उभी राहिल्यासारखी खोल उमटलेली. पाववाली गुडघ्यांवर बसली. त्या चौथ्या जोडीतल्या डाव्या पावलाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

तिने आपला डावा पाय शेजारी टेकवला. उचलला. दोन ठसे शेजारी शेजारी होते आणि दोन्ही सारखेच होते.

‘झोपेत चालत असेन,’ तिने मनाशी म्हटलं. ‘काहींना असते सवय.’ मग तिने उठून भट्टीला हात लावला, आणि चटका बसला.

त्या हजेरीला “गुंडी!” अशी हाक आल्यावर गुंडीने तोंड उघडलं. सगळी गल्ली पुढे झुकली. गुंडीने एक मोठी जांभई दिली.

एक उरली.

४

शेवटच्या आठवड्यात गल्लीने पाववालीशी फार प्रेमाने वागायला सुरुवात केली, आणि तेच तिला सहन होईना. शेजारणीने भांडण मिटवलं. पुकारकाका येऊन म्हणाले, “शेवटच्या घराला खिडक्या छान आहेत हो.” सासूबाई गुंडीसाठी स्वेटर विणायला बसल्या आणि कुणी पाहिलं की नाक पुसत “लोकर फार उडते” म्हणू लागल्या.

पाववाली ऐकून घ्यायची, पीठ मळायची आणि विचार करायची. दिवसा काय होतं ते बघितलंच पाहिजे. पण बघायचं कसं? ऊन आलं की पापणी पडणार. जिथे ऊन येतच नाही अशी जागा हवी, आणि तिथून घर दिसायला हवं.

सहाव्या पहाटे पाव काढताना तिचं लक्ष भट्टीच्या काळ्या तोंडाकडे गेलं आणि हातातली फळी तशीच राहिली. भट्टीच्या आत मिट्ट काळोख. दाराच्या लोखंडी पत्र्याला वाफ जाण्यासाठी दोन बोटांएवढं भोक. आणि हजेरीच्या दिवशी भट्टी गार असते.

तिने नवऱ्याच्या फळीवरून घड्याळाची एक जुनी काच उचलली आणि धुरावर धरून ती काजळीने काळीभोर केली. डोळ्यासमोर धरून उगवतीकडे बघितलं. झोप आली नाही.

आता कुणीही म्हणेल, की बाई गं, जी भट्टी हजेरीच्या दिवशी गरम सापडते म्हणून तू पंधरा दिवस झुरलीस, तिच्यातच हजेरीच्या दिवशी शिरून बसतेस? पण तिच्या डोक्यात ते आलंच नाही. आयुष्यभर दर सातव्या पहाटे ती त्या गार काळोखात रांगली होती. तिच्या लेखी गल्लीत त्याहून सुरक्षित जागा नव्हती.

हजेरीच्या पहाटे तिने भट्टी झाडली. गुंडीच्या कपाळाचा मुका घेतला. अंथरुणात उशा घालून वर पांघरूण ओढलं. मग ती भट्टीत शिरली, गुडघे पोटाशी घेतले आणि दार आतून ओढून घेतलं.

५

आधी बराच वेळ नुसता आपल्या श्वासाचा आवाज. मग आतल्या खोलीतून घड्याळजीचं घोरणं सुरू झालं, ते ऐकून तिला जरा धीर आला. त्या घोरण्याला एक शिट्टी होती. गल्लीत दुसऱ्या कुणाच्या घोरण्याला ती नव्हती.

भोकातून येणारा उजेड राखाडी होता तो पांढरा झाला. तिने काजळीची काच भोकाला लावली, आणि हात गार दगडावर टेकून वाट बघू लागली.

केव्हातरी पाय वाजले. अनवाणी, पळते, इवले पाय. पाठोपाठ पडदा सरकल्याची खसखस. घड्याळाला चावी देण्याची करकर. कुणीतरी शीळ घातली. पाववालीने काचेला डोळा लावला.

तिच्या दुकानात तिचा नवरा उभा राहून घड्याळाला चावी देत होता. आतल्या खोलीतलं घोरणं चालूच होतं.

तिने डोळा मिटला, पुन्हा उघडला. ‘एकसारखी दिसणारी माणसं असतात,’ तिच्या मनातल्या शहाण्या बाईने सांगितलं. मग त्या माणसाने मान वळवली, आणि शहाणी बाई गप्प झाली. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर आतली पापणी पूर्ण उतरलेली होती. पांढरट, ओलसर. त्या डोळ्यांनी तो खोलीभर बघत होता, आणि त्याला सगळं दिसत होतं.

टेबलावर सासूबाई बसल्या होत्या. पाय हलवत. डोळे तसेच. त्यांनी टुणकन खाली उडी मारली, एक गिरकी घेतली आणि म्हणाल्या, “पुन्हा कुणीतरी भट्टी झाडून ठेवलीय बघा.”

“चांगलंय,” तो माणूस म्हणाला. “अर्धं काम झालं.”

आणि मग एक बाई काचेच्या समोरून गेली. पाठमोरी. एप्रनची गाठ डावीकडे. कोपरापर्यंत पीठ माखलेले हात, आणि गुणगुणणं. पाववालीला ते गाणं माहीत नव्हतं, पण पुढची ओळ कुठे चढणार ते तिला गळ्यात कळत होतं. बाईने डावा पाय उचलून उजव्या पोटरीला घासला. पाववालीही उभी राहून काम करताना तस्संच करायची.

पळून जावंसं वाटलं, पण जाणार कुठे? दारापलीकडे तर दुपार होती. ती थिजल्यासारखी बघत राहिली, आणि तेवढ्यात कुणीतरी बोलू लागलं.

“आजी, तू चुकलीस, तीन गिरक्या ठरल्या होत्या, तू एकच घेतलीस, आता परत घे. आणि बाबा, त्या घड्याळाला जास्त चावी देऊ नका, ते संध्याकाळी गडबडतं. आणि मला बियांचा पाव. दोन. एक खिशात.”

आवाज जरा घोगरा, भरभर धावणारा, मध्येच हसणारा. हा आवाज पाववालीने कधी ऐकला नव्हता. तिने काच सरकवून बघितलं. पिठाच्या पोत्यावर गुंडी बसली होती आणि तिचं तोंड चाललं होतं. चाललंच होतं. थांबायचं नाव नव्हतं. आणि तिचे डोळे उघडे होते. स्वच्छ, काळेभोर, पापणीबिपणी काही नाही.

पाववालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. भीती कुठल्या कुठे गेली. सात वर्षं ती या आवाजासाठी झुरली होती आणि तो इतका सुरेख असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तोंडावर हात दाबून ती काळोखात हसत होती, रडत होती, आणि ऐकत होती.

“चला, पेटवू या,” बाई म्हणाली. आवाज पाववालीचाच.

त्या माणसाने सरपणाची मोळी उचलली. काचेसमोर त्याचे गुडघे आले, मग लाकडं. भट्टीच्या दारापाशी ती धाडकन पडली. काडी ओढल्याचा आवाज झाला.

आता कुठे पाववालीच्या ध्यानात आलं. पंधरा दिवसांत दोनदा चटका बसला होता, तो चटका कशाचा होता ते. ओरडायला हवं होतं. एकच शब्द पुरे होता. ‘आहे’ म्हणायचं, आत मी आहे. तिने तोंड उघडलं. शब्द घशाशी आला आणि तिथेच बसला. ‘बोल गं, एवढंच तर म्हणायचंय,’ असं जी सात वर्षं लेकीच्या मागे लागली होती, तिच्या तोंडून फुंकरसुद्धा निघेना.

“थांबा!” गुंडी म्हणाली. “आई आत आहे.”

“आई ही काय इथे उभी आहे,” तो माणूस हसला.

“ही नाही हो. दुसरी. संध्याकाळची.”

त्या माणसाने काडी विझवली. आतल्या खोलीत घोरणं तेवढं चालू होतं, शिट्टीसकट. मग बाईचे पाय काचेसमोर आले. ती खाली बसली.

“तिच्याशी बोलतेस का गं तू?” तिने गुंडीला विचारलं.

“नाही.”

“का?”

“एकदा इकडे सांगितलं ना, आहे म्हणून. परत परत काय सांगायचं?”

“अगं वेडाबाई,” ती बाई म्हणाली. “तिला कसं कळणार ते? तिलाही सांगायला नको का? आज जा आणि सांग.”

मग भट्टीचं दार उघडलं. पांढराशुभ्र प्रकाश आत घुसला आणि पाववालीच्या डोळ्यांवर साय चढू लागली. शेवटचं तिला दिसलं ते एवढंच, की एक हात आत आला. पिठाने माखलेला, अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा जुना डाग असलेला. तिच्याही हाताला तिथेच होता. त्या हाताने तिच्या गालावरची काजळी पुसली. हात उबदार होता.

६

ती उठली तेव्हा संध्याकाळ झाली होती. ती स्वतःच्या अंथरुणात होती, अंगावर राखेचा कण नव्हता, आणि तिच्या केसांची पाच पेडांची वेणी घातलेली होती.

“चला, चला,” घड्याळजी बाहेरून म्हणाला. त्याचा आवाज मुद्दाम मोठा काढलेला होता. स्वेटर पुरा झाला होता आणि सासूबाई तो गुंडीच्या डोक्यातून घालत होत्या. गुंडीचं सामान एका पिशवीत बांधून दाराशी ठेवलं होतं. पाववालीने पिशवीकडे बघितलं, गुंडीकडे बघितलं. गुंडीने नजर चुकवली नाही.

चौकात इतकी शांतता कधी नव्हती. पुकारकाका यादी वाचत आले. प्रत्येक ‘आहे’ हळू आवाजात, कुणाला दुखवू नये तसं. काकांनी घसा साफ केला.

“गुंडी.”

पाववालीने तिचा हात घट्ट धरला. तिला बोल म्हणाली नाही. पहिल्यांदाच म्हणाली नाही.

“आहे,” गुंडी म्हणाली. मग तिला ते फारच थोडं वाटलं असावं. “आहे, आहे! आणि काका, तुमची यादी उलटी धरलीय.”

यादी खरंच उलटी होती. पुकारकाका रडत होते, त्यांना काय कळतंय! मग जी आरडाओरड झाली ती काय सांगावी. घड्याळजीने लेकीला खांद्यावर घेतलं आणि डोळ्याचं भिंग कुठे पडलं ते त्याला कळलंही नाही. शेजारीण पाववालीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. सासूबाईंनी भर चौकात गिरकी घेतली. एक, दोन, तीन. तिसरीला “अगं आई गं, गुडघे” म्हणून खाली बसल्या, तरी हसत होत्या.

कुणीतरी ती पिशवी सोडून तिच्यातले फ्रॉक खिडकीत वाळत घातले, धुतलेले नसतानाच. घरी आल्या आल्या पाववालीने भट्टीला हात लावला. भट्टी गरम होती. वर फडक्याखाली बियांचा एक पाव ठेवलेला होता, आणि तो चौघांनी मिळून खाल्ला.

७

त्यानंतर गुंडी जी बोलू लागली ती थांबेचना. महिनाभरातच घड्याळजी कानांत कापूस घालून काम करू लागला. दिवसाबद्दल मात्र ती काही सांगत नसे. विचारलं तर म्हणे, “तुम्ही झोपा ना,” आणि पाववालीही मग विचारत नसे.

तिने आपल्या नेमात दोन गोष्टी वाढवल्या. दुसऱ्या पहाटे भट्टी पेटणार नसली, तरी सहाव्या संध्याकाळीही ती पीठ मळून ठेवायची. आणि पहाटे भट्टी पेटवण्याआधी, काडी ओढली की दाराशी वाकून विचारायची, “आत कुणी आहे का?” घड्याळजी म्हणायचा, “भट्टीला हाक मारणारी बाई मी पहिल्यांदाच पाहतोय.” तो हसायचा, तीही हसायची. उत्तर कधी येत नसे. मग ती पेटवायची.

एका हजेरीच्या संध्याकाळी भट्टी गार लागली. पाववालीने दोन्ही हात ठेवून बघितलं. गार दगड. वर पाव नाही. घड्याळाची चावी अर्धी उतरलेली. “आज कुणी पेटवली नाही वाटतं?” तिने गुंडीला विचारलं. गुंडी इतकं बोलायची, पण तेव्हा तोंडावर हात दाबून नुसती खुदुखुदु हसत राहिली.

दुसऱ्या पहाटे पाववालीने सरपण रचलं. काडी ओढली. सवयीने वाकली.

“आत कुणी आहे का?”

काडी जळत तिच्या बोटांपाशी आली. भट्टीच्या काळोखात कुणीतरी श्वास घेतला. मग तिच्याच आवाजात, पण घाबरलेल्या, घशाशी अडकून मोठ्या कष्टाने सुटलेल्या आवाजात, उत्तर आलं.

“आहे.”

पाववालीने काडी फुंकरीने विझवली. एप्रनला हात पुसला. आणि आत न बघता, तो हात तिने हळूच काळोखात पुढे केला.